वामटी बसली आहे

भोईवाड्यातल्या त्या चाळीत लवू कुबलला दोन नावं होती. मोठी माणसं त्याला लवूदा म्हणत आणि पोरं सापवाले आजोबा. दुसरं नाव त्याच्या निळ्या बादलीमुळे पडलं. पुनव-अवसेच्या मागेपुढे तो पहाटेच्या बसने वरळीला जाई आणि उन्हं चढायच्या आत परत येई. तेव्हा त्या बादलीत वीतभर लांब, करंगळीएवढं जाड, तपकिरी अंगाचं काहीतरी वळवळत असे. जिन्यात एखादा नवा भाडेकरू भेटला तर तो भिंतीला चिकटून उभा राही. लवू थांबून त्याला सांगे, की हा साप नव्हे, मासा आहे, आणि दुपारी आमच्याकडे जेवायला आलात तर भीती मोडेल. जेवायला कधी कोणी आलं नाही.

माशाचं नाव वामटी. बाजारात विचारून हे नाव कोणाला कळणार नाही, कारण ते लवूच्या आईच्या तोंडचं, मालवणकडच्या त्यांच्या वाडीतलं. बाजारात मिळते ती वाम हातभर लांब असते, जाड असते, तिच्या तुकड्या पडतात. ही वीतभरापुढे वाढतच नाही. तिला खोल पाण्याची हौसही नाही. ओहोटीला खडक उघडे पडले, की बाकीचे मासे पाण्याबरोबर आत निघून जातात. ही ओल्या दगडाखाली अंग मुडपून बसते आणि भरती परत यायची वाट बघते.

असा हा मासा. ना त्याला किंमत, ना रूप. पण लवूच्या मते सगळी खडप तिच्यावर उभी होती. खडप म्हणजे किनाऱ्याला लागून असलेला पसरट खडक, भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा. वामटी त्यातले बारके खेकडे, किडे, गोगलगाईंची पिल्लं खाऊन त्यांना आटोक्यात ठेवते. मग भरतीबरोबर तांबोशी आणि पालू तिला खायला खडकाजवळ येतात, कपारीतला आठ पायांचा माकूल येतो, ओहोटीला काळा बगळा येतो. लवू म्हणायचा, की वामटी ही खडपीची चिल्लर आहे. दुकान मोठ्या नोटांवर चाललंय असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण गल्ल्यातली चिल्लर संपली की दुकानदार शेजाऱ्याकडे धावतो. खडपीला शेजारी नसतो.

तिच्याबाबत एक रीत होती. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत खडपीचा दगड उलटायचा नाही. त्या दिवसांत वामटी अंड्यांवर बसते. दगडाच्या पोटाला साबुदाण्यासारखी अंडी चिकटलेली असतात आणि ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून असते. पाणी गेलं तरी उठत नाही. लवूची आई सांगायची, बाळंतिणीच्या खोलीत परक्याने शिरू नये. म्हणून होळी यायच्या आधीच, शेवटच्या ओहोटीला, ज्या दगडाखाली वामटीचं बिऱ्हाड दिसेल त्याच्या माथ्यावर तीन शिंपले पालथे ठेवायचे आणि त्यांवर एक खडा दाबायचा. शिंपले दिसले की वाडीतलं शेंबडं पोरही त्या दगडाला हात लावत नसे. आणि वर्षाचे बाकीचे दिवस दगड उलटायचा तर तो परत जसा होता तसाच ठेवायचा, शेवाळाची बाजू वर, ओली बाजू खाली.

या रीतीनेच लवूला मुंबईत जागा मिळवून दिली. तो आला होता गिरणीत. फोल्डिंग खात्यात बदली कामगार म्हणून लागला आणि पुरता कायम होण्याआधी संप झाला. हात रिकामे, खोलीत भावाच्या संसाराची अडचण. दिवसभर चालत राहायचं म्हणून तो एकदा वरळीला समुद्रापर्यंत गेला आणि भिंतीखाली त्याला गावासारखी खडप दिसली. त्याने चपला काढल्या, खाली उतरला, एक दगड उलटला. खाली वामटी होती. तो तिच्याकडे नुसता बघत बसला, मग दगड होता तसा ठेवून दिला. मागून आवाज आला, की कोन रं तू. जाईबाई नावाची तिथल्या कोळीवाड्यातली बाई कालवं फोडत बसली होती. तिच्याच वयाच्या या अनोळखी माणसाला ती हाकलूनच देणार होती. पण त्याने दगड सुलटा ठेवलेला तिने पाहिला. "दगडाला झोपवून जातंस म्हंजे चोर न्हायस," ती म्हणाली. तेव्हापासून लवूला त्या खडपीवर मोकळीक होती. पुढे तो परळच्या एका छापखान्यात बाइंडर म्हणून लागला, बोटांना खळीचा वास कायमचा बसला, पण खडप सुटली नाही.

जाईबाई त्याला आयुष्यभर मालवणी म्हणूनच हाक मारत आली. तीन शिंपल्यांची रीत तिच्या माणसांत नव्हती. पण लवूने सांगितल्यावर तीही त्या दगडांना वळसा घालून जाऊ लागली. कोळीवाड्यातल्या बायांना ती सांगायची, की ते दगड मालवण्याच्या सुनांचे आहेत, बाळंतपणाला बसल्यात.

लवूची बायको राधा बाळंत झाली तेव्हा वामटीचा खरा उपयोग झाला. बाळंतिणीला वामटीचं पातळ सार द्यायचं, मिरी आणि लसूण घालून, नारळ नाही. दूध उतरतं, कमरेला बळ येतं. राधा आधी नाक मुरडायची, मग वाटी पुढे करायला लागली. मुलगी झाली, तिचं नाव श्रेया. श्रेया पाचवीत असताना राधा गेली. त्यानंतर लवूने दुसरं लग्न केलं नाही. छापखाना, घर, मुलीची शाळा आणि खडप, एवढंच त्याने मांडून ठेवलं. सुट्टीच्या दिवशी ओहोटी आली की तो मुलीलाही घेऊन जाई. ती फ्रॉक खोचून पाण्यात बसे आणि दगडाखाली बोट घालून वामटीच्या अंगाला हात लावी. जाईबाई म्हणायची, या पोरीला पुढं नवरा न्हाय मिलनार, हाताला कायम वास येनार.

नवरा मिळाला, मयूर नावाचा शांत मुलगा, काळाचौकीचा. वासही राहिला. श्रेया प्राणीशास्त्रात पदवीधर झाली आणि किनाऱ्यांची पाहणी करून देणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागली. लवूने चाळीत पेढे वाटले. आपली मुलगी खडपीवर चिखलात बसायचा पगार घेते, हे सांगताना तो हसायचा, पण ते हसणं अभिमानाचं होतं.

मग एके वर्षी ऐन थंडीत ती घरी आली आणि सांगू लागली, की वरळीच्या त्या भिंतीखाली फिरायची वाट आणि गाड्या लावायची जागा करायचं ठरतंय. खडपीवर भराव पडेल. त्याआधी तिथे काय जगतं त्याची पाहणी व्हायची आहे आणि ते काम तिच्याच कंपनीकडे आलंय. अजित सर म्हणून तिचे वरिष्ठ होते, ते सरळ माणूस होते. तिथे अंडी घालणारे मासे आहेत असं पाहणीत दिसलं, तर भरावाची जागा पुढे-मागे सरकवावी लागते, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. लवूने सगळं ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. वामटी तर आहेच. दाखवणारा तो आहे, बघणारी त्याची मुलगी आहे. काळजी कसली?

त्याने तारीख विचारली. श्रेयाने सांगितली. होळी झाल्यावर दोन दिवसांनी, सकाळच्या मोठ्या ओहोटीला.

लवूने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, त्यांना सांग, अक्षय्य तृतीयेनंतर या. मी एकेक दगड स्वतः उलटून दाखवीन. श्रेयाने त्याला समजावलं, की पाहणी एकदाच व्हायची, माणसं ठरली, गाडी ठरली, तारीख बदलत नाही. लवूला हे पटेना. माशाला ऋतू असतो, तसा माशाच्या कामालाही असणारच. आंब्याची मोजणी कोणी श्रावणात करतं का? हे लोक शिकलेले, त्यांना सांगितलं की कळेल, असं तो पाहणीच्या आदल्या रात्रीपर्यंत धरून चालला होता.

त्या रात्री जेवताना श्रेयाने परत विषय काढला. मयूर मान खाली घालून भात कालवत होता.

"पप्पा, एकच दगड. मी स्वतः उलटते, फोटो काढते, परत ठेवते. अर्धं मिनिट."

"बाळंतिणीचं दार अर्धं मिनिट उघडलं काय नि पुरं उघडलं काय."

"बाळंतीण नसते हो ती. तुम्हाला खरं सांगू? आई अंडी घालून केव्हाच गेलेली असते. खाली बसलेला असतो तो बाप."

लवूचा हात ताटावर थांबला. इतकी वर्षं तो त्या दगडाखाली एक बाई बघत होता.

"मग तर अजिबातच नाय," तो म्हणाला. "बाप बसलाय तर बसू दे त्याला. मी उलटूचंय नाय."

ताटं उचलताना तिने एवढंच विचारलं, की खडपच गेली तर बसणार कुठे तो. लवूने उत्तर दिलं, की समुद्र काय कुठे पळून जात नाही. हे वाक्य त्याला पुढे पुष्कळ दिवस पुरलं.

सकाळी खडपीवर पाच-सहा माणसं उतरली. अजित सर गुडघ्यापर्यंत बूट घालून होते. त्यांनी लवूला नमस्कार केला, श्रेयाकडून तुमच्याबद्दल ऐकलंय म्हणाले. मग एक लोखंडी चौकट घेऊन ती ठरल्या अंतरावर खडकावर ठेवायची आणि आत जे दिसेल ते लिहायचं, असं काम सुरू झालं. चौकटीत शंख आले, खेकडे आले, शेवाळ आलं, डबक्यांत कोळंबीची पिल्लं आली. शिंपले न ठेवलेले काही दगड त्यांनी उलटले. त्यांच्याखाली वामटी असायचं कारणच नव्हतं. ज्यांच्याखाली होती ते सगळे दगड लवूनेच तर खुणावून ठेवले होते.

अजित सरांना ते शिंपले दिसले. हे काय, त्यांनी विचारलं. लवूने रीत सांगितली आणि हात जोडून म्हणाला, की साहेब, अक्षय्य तृतीयेनंतर या, तुम्हाला बादली भरून दाखवतो. अजित सरांनी ते लक्ष देऊन ऐकलं. किनाऱ्यावरच्या लोकांच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, असा त्यांच्या कामाचा दंडक होता, आणि तो त्यांना मनापासूनही मान्य होता. दुसऱ्या फेरीसाठी ऑफिसात विचारून बघतो, असं ते म्हणाले. जाईबाई बाजूला कालवं काढत होती. ती मध्येच म्हणाली, की मालवण्याच्या सुनांना कोन हात लावील, मीपन न्हाय लावीत. हे तिने हसत म्हटलं. पुढे याच वाक्याचा तिला सर्वांत जास्त राग आला.

पाणी वळायला लागलं होतं. माणसं सामान आवरू लागली. श्रेया एका दगडापाशी उकिडवी बसली होती. तीन शिंपल्यांचा दगड. तिने वरचा खडा काढला, शिंपले बाजूला ठेवले आणि दगडाच्या कडेखाली बोटं घातली. कॅमेरा तिच्या गळ्यात होता.

लवू काही अंतरावर उभा होता. तो ओरडला नाही. "श्रेया," तो म्हणाला, "हात काढ."

तिने वर पाहिलं. बाप आणि मुलगी तशीच थांबली. ती खाली बघून आणखी थोडा वेळ तशीच बसली, बोटं दगडाखाली, आणि पाण्याची पहिली जीभ तिच्या पायाशी येऊन गेली. मग तिने हात काढला. शिंपले होते तसे पालथे घातले, खडा ठेवला आणि उठली.

अजित सरांनी दुसऱ्या फेरीसाठी खरोखरच विचारलं. उत्तर आलं, की काम एकाच फेरीचं दिलेलं आहे. अहवालात जे दिसलं ते लिहिलं गेलं. खडकातल्या डबक्यांत व दगडांखाली माशांची नोंद नाही, असं त्यात होतं, आणि निरीक्षण करणाऱ्यांच्या नावांत श्रेयाचं नाव होतं, माहेरच्याच आडनावाने. तिने बापाला हे लपवलं नाही. लहानपणापासून बघितलंय ते लिहिता येत नाही, त्या दिवशी बघितलं तेच लिहिता येतं, एवढं ती म्हणाली. लवूने अक्षय्य तृतीयेनंतर बादली भरून वामटी आणली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली. तिने फोटो काढले, ऑफिसात पाठवले. फोटोवरून जागा आणि दिवस सिद्ध होत नाही, असं तिला कळवण्यात आलं. तिने ती वामटी रांधली आणि मयूरच्या आईने खाल्ली.

पावसाळा सरल्यावर भरावाबाबत लोकांची सुनावणी झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. कोळीवाड्यातल्या बाया आल्या होत्या. जाईबाई पहिल्या रांगेत होती, डोक्यात अबोलीचा वळेसर घालून, लग्नाला आल्यासारखी. ती उभी राहिली आणि ठणकावून बोलली, की खडपीवर मासा हाय, माझा जनम गेला तिथं. टेबलामागच्या अध्यक्षांनी शांतपणे अहवाल उघडला आणि ती ओळ वाचून दाखवली. खालची नावंही वाचली. जाईबाई वळली. "कुबल म्हंजे तुजी पोरगी ना रं, मालवनी?"

श्रेया कडेच्या खुर्चीवर, कंपनीच्या माणसांत बसली होती. तिने मान वर केली नाही.

लवूला आजवर चार माणसांसमोर उभं राहून बोलायची वेळ आली नव्हती. तो उभा राहिला आणि त्याला कळलं, की इथे दोनच वाक्यं आहेत. मासे आहेत म्हणावं तर मुलीने खोटं लिहिलं असं होतं. नाहीत म्हणावं तर खडप जाते. तिसरं वाक्य त्याच्याकडे होतं, पण ते स्वतःच्या मानेवर घ्यायचं होतं. ते त्याने घेतलं.

"मासे आहेत. पोरीची चूक नाय. मी दाखवूक दिले नाय."

अध्यक्षांनी विचारलं, का.

"बसले होते."

हॉलमध्ये मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, पण सकाळपासून बसून कंटाळले होते. "म्हणजे मासे होते," ते म्हणाले, "पण बाळंतपणाच्या रजेवर होते." मग सगळा हॉल हसला. कंपनीची माणसं हसली, बायांतल्याही काही हसल्या. जाईबाई हसली नाही. लवू खाली बसला, तरी हसू थांबायला जरा वेळ लागला.

बाहेर पायऱ्यांवर जाईबाईने त्याला गाठलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच त्याला जड गेलं. ती म्हणाली, की तुझे शिंपले मी इतकी वर्षं पाळले, माझ्या घरात त्याची रीत नव्हती तरी पाळले. "तुज्या सुनांनी माझी खडप खाल्ली." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. मालवणी ही हाकही तिच्याबरोबर गेली.

काम सुरू व्हायला पुढचा शिमगा उजाडला. योगायोगच, पण असा योगायोग साधणाऱ्याचा हात धरून जाब विचारावासा वाटतो. होळीआधीच्या ओहोटीला लवू सवयीने खडपीवर गेला होता आणि सवयीनेच दगडांवर तीन-तीन शिंपले ठेवून आला होता. भिंतीपाशी पत्रे लागायला सुरुवात झाली होती, तरी ठेवून आला. होळी झाली. चार दिवसांनी छापखान्यातल्या एकाने सांगितलं, की वरळीला डंपर उभे आहेत.

पहाटे तो बादली घेऊन गेला. पत्र्यांच्या फटीतून आत शिरला. भरावाचे दगड एका कडेने पडले होते आणि तेवढी खडप आधीच दिसेनाशी झाली होती. उरलेली ओहोटीत उघडी होती आणि तिच्यावर त्याचे शिंपले जिथल्या तिथे होते. बाकीचे मासे या धडधडीने केव्हाच आत गेले असणार. खेकडेही पांगले होते. जाणार नव्हते ते फक्त शिंपल्यांखालचे. पाणी उठवू शकलं नाही तिथे डंपर काय उठवणार?

मग लवूने आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. पहिल्या दगडावरचे शिंपले फेकून दिले आणि दगड उलटला.

बाप बसलेला होता. उजेड पडला तरी पळाला नाही, अंड्यांभोवतीचं वेटोळं आणखी आवळून घेतलं. लवूने त्याला दोन बोटांनी सोडवून बादलीत टाकलं. अंडी दगडाला चिकटलेली होती. नखाने काढावीत तर फुटत होती, आणि दगड त्याच्याने उचलेना. त्याने पुढचा दगड उलटला. मग त्याच्या पुढचा, दगडाच्या धारेने तळवा खोल चिरला तरी. कोणालाही त्याने परत झोपवलं नाही. सगळे दगड पोटं वर करून पडले, अंडी वाऱ्यावर. वॉचमनने शिट्टी मारली, पण म्हातारा माणूस बघून तो आला नाही.

पत्र्यांपलीकडे थोडा खडक मोकळा होता. लवू तिथे गेला आणि बादली एका डबक्यात हलकेच ओतली. वामट्या डबक्यात गोल फिरू लागल्या. एकही कपारीत शिरेना. प्रत्येक जण कडेकडेने जाऊन दगडांची पोटं हुंगत होता, हा नव्हे, हा नव्हे, असं करत. काळा बगळा तिकडेच उभा होता, खडपीवरून हुसकलेला. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने एक वामटी उचलली. लवू हात हलवून त्याला हाकलू शकला असता. पण बगळाही भुकेलाच होता, आणि त्याच्यासाठी कोणी सुनावणी घेतली नव्हती. त्याने दुसरी उचलली. लवू रिकामी बादली घेऊन भिंतीवर चढला. मागे पहिला डंपर सुरू झाला होता.

घरी त्याने कोणाला काही सांगितलं नाही. गरी घेऊन तो पुढे एक-दोनदा भरावाच्या टोकाशी बसला. तांबोशी लागली नाही, पालू लागला नाही. पाणी आत येत होतं, दगडांवर आपटत होतं आणि जात होतं. समुद्र कुठे पळून गेला नव्हता, हे मात्र खरं. निळी बादली त्याने मोरीत पाणी भरून ठेवायला घेतली. चाळीतली नवी पोरं त्याला नुसतं आजोबा म्हणू लागली.

वैशाखात श्रेया बाळंत झाली, परळच्या एका इस्पितळात. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी मयूर सांगत आला, की दूध नीट उतरत नाहीये, नर्स पावडर द्यायला सांगतेय. तो काही मागायला आला नव्हता, नुसतं सांगत होता. पण लवू उठला आणि दादरच्या मासळी बाजारात गेला.

त्याने तिथे वामटी विचारली. कोळणीने त्याच्याकडे पाहिलं, म्हणाली, वामच घ्या की आजोबा, ही बघा. मनगटाएवढी जाड, खोल पाण्यातली, बर्फावर पडलेली. बाजूच्या कोळणीलाही त्याने विचारलं. ती हसून म्हणाली, की असा मासा मी ऐकलासुद्धा नाही. त्याने वाम घेतली. घरी मिरी-लसूण घालून सार केलं, नारळ नाही, आईने सांगितलं होतं तसंच. साराला जाड तवंग आला. वामटीच्या साराला तवंग येत नाही.

इस्पितळात श्रेया उशीला टेकून बसली होती. मूल तिच्या बाजूला गुंडाळलेलं, झोपलेलं. मयूर चहा आणायला खाली गेला. लवूने डब्याचं झाकण काढून वाटीत सार ओतलं. तिने वाटी तोंडाशी नेली आणि वासानेच थांबली.

"ही ती नाही."

"नाय. ती नाय."

ती प्यायली. घोट घोट करून, औषध घ्यावं तसं, सगळं संपवलं. वाटी परत देताना तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. उजव्या तळव्यावरची चीर अजून भरत होती. दगडांनी कापलेलं लवकर भरत नाही.

"शेवटी उलटलेत तुम्ही दगड," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

लवूने मान हलवली.

"केव्हा?"

"डंपर आले तेव्हा."

मूल हललं, तोंड चाळवलं, रडायला लागलं. तिने त्याला उचलून छातीशी घेतलं आणि भिंतीकडे वळली.

"मी अर्धं मिनिट मागितलं होतं, पप्पा," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

लवूने डबा उचलला. वॉर्डाच्या टोकाला बेसिन होतं, तिथे जाऊन तो धुऊ लागला. तवंग काही केल्या सुटत नव्हता. मागे मूल रडतच होतं, आणि नर्स पावडरचा डबा घेऊन त्याच्या शेजारून गेली.